तीन फैरी आणि एक रिकामे काडतूस

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात जवानाच्या अंत्यसंस्काराला उभा होतो. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात चौथरा बांधला होता आणि भोवती पाच-सहा गावची माणसे दाटली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर, बांधावरच्या बाभळींवर पोरे बसली होती. तुकडीने रायफली तिरक्या आभाळाकडे रोखल्या. पहिला बार झाला तेव्हा रानातले सगळे बगळे एकदम उठले. मग दुसरा झाला, तिसरा झाला आणि बिगुल वाजला. बिगुल थांबल्यावर बराच वेळ कोणी कोणाशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता : ‘२१ तोफांच्या सलामीत निरोप’. त्या रानात तोफ नव्हती आणि एकवीस आवाजही झाले नव्हते. गावातल्या एका निवृत्त सुभेदारांना मी तो पेपर दाखवला. त्यांनी चष्मा लावून बातमी सगळी वाचली, पेपराची घडी घातली आणि म्हणाले, “सर, तोफ नव्हती म्हणून पोराचा मान कमी झाला का? सैनिकाला तीन फैरी असतात, त्या त्याला मिळाल्या. तेवढंच लिहायचं होतं.”

तेव्हापासून मी बंदूकधारी तुकड्यांबद्दल जे जे मिळेल ते वाचत आलो. काही तुकड्या मृत सैनिकाला निरोप देतात आणि काही जिवंत माणसाला भिंतीपुढे उभे करून मारतात. दोन्हींत रायफल तीच, रांग तीच आणि हुकूमही जवळजवळ तेच. दोन्हींभोवती पसरलेले गैरसमज बघता बघता माझे एक मत पक्के झाले. या गैरसमजांमुळे आपले लक्ष आवाजाकडे, आकड्याकडे, काडतुसाकडे जाते आणि रायफल धरून उभ्या असलेल्या माणसाकडे बघायचे राहून जाते.

“जवानाला एकवीस तोफांची सलामी देतात”

तोफांची सलामी आणि अंत्यविधीच्या फैरी या दोन वेगळ्या प्रथा आहेत. तोफांची सलामी पदाला असते. किती तोफा, यावरून समोरच्याचा दर्जा ठरतो. मराठी माणसाला हा हिशेब नवा नसावा, कारण संस्थानी काळात तो आपल्याकडे रोजच्या बोलण्यात होता. बडोद्याचे गायकवाड आणि ग्वाल्हेरचे शिंदे २१ तोफांचे मानकरी, कोल्हापूरचे छत्रपती १९ तोफांचे. व्हाइसरॉयला ३१ आणि खुद्द सम्राटाला १०१. दोन तोफा वाढाव्यात म्हणून संस्थानिक वर्षानुवर्षे इंग्रज सरकारकडे खेटे घालत.

आज २१ तोफांची सलामी आपण प्रजासत्ताक दिनी ऐकतो. राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांत एकवीस बार बसवायचे असतात, त्यामुळे दोन बारांमध्ये सव्वादोन सेकंदांच्या आसपासच अंतर राहते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या पंचवीस पौंडी तोफा हे काम अनेक दशके करत होत्या. २०२३ पासून त्यांची जागा देशी बनावटीच्या १०५ मिलिमीटर तोफांनी घेतली.

अंत्यविधीला तोफा कधीच डागत नाहीत, असेही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जनरल बिपीन रावत यांच्यावर दिल्लीत अंत्यसंस्कार झाले, तेव्हा १७ तोफांची सलामी दिली गेली. ती संरक्षण दल प्रमुख या पदाची होती. शिपाई, नायक, हवालदार यांच्या अंत्यविधीला रायफलींच्या तीन फैरी असतात, आणि त्या कोणा मोठ्या सलामीची स्वस्त आवृत्ती नव्हेत. त्यांचा वंशच वेगळा आहे.

मग एकवीस हा आकडा चिकटला कुठून? अमेरिकेत अंत्यविधीच्या तुकडीत बहुतेकदा सात जण असतात आणि ते तीनदा झाडतात. सात त्रिक एकवीस. त्यामुळे तिथलेही लोक तिला एकवीस तोफांची सलामी म्हणतात आणि तिथले सैनिकही आपल्या सुभेदारांसारखेच त्यांना दुरुस्त करत बसतात. १७७६ या स्वातंत्र्यवर्षाच्या आकड्यांची बेरीज एकवीस येते म्हणून हा आकडा, अशीही एक गोष्ट तिथे सांगतात. तिला आधार नाही. मोजायच्या असतात त्या फैरी. तुकडीत सात रायफली असोत की दहा, सगळ्यांनी एका हुकमावर मिळून काढलेला बार ही एक फैर. अशा तीन.

“मृताला वाट करून देण्यासाठी आभाळात गोळ्या मारतात”

गोळी नसतेच. काडतुसात दारू असते, पण पुढचे शिसे नसते. पुंगळीचे तोंड चुरमडून बंद केलेले असते. आवाज, धूर आणि ज्वाला तेवढी निघते. म्हणून लग्नात किंवा मिरवणुकीत खरी काडतुसे हवेत झाडणाऱ्यांनी सैनिकी प्रथेचे नाव घेऊ नये. वर गेलेली खरी गोळी खाली येते आणि ती कोणाच्या डोक्यावर येईल ते सांगता येत नाही. कोरे काडतूसही अगदी जवळून निरुपद्रवी नसते. नळीतून सुटणारा तप्त वायू हातभर अंतरावर माणसाला जायबंदी करू शकतो. रायफली वर आणि गर्दीपासून दूर रोखण्याचे एक कारण हेही आहे.

यातली एक तांत्रिक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. एसएलआर किंवा इन्सास यांसारख्या रायफलीत गोळीमागच्या वायूच्या दाबावर पुढचे काडतूस आपोआप आत सरकते. काडतूस कोरे असेल तर तेवढा दाब तयार होत नाही. म्हणून प्रत्येक फैरीनंतर जवानांना हाताने खटका मागे ओढून पुढचे काडतूस चढवावे लागते. तुम्ही नीट ऐकलेत तर दोन बारांमध्ये तो एकसाथ होणारा ‘खट-खट’ ऐकू येईल. दहा जणांचा तो आवाज एकच वाटावा यासाठी सराव करावा लागतो. ज्या घरात माणूस गेला आहे, त्या घरापुढे चूक होऊ नये ही त्यामागची तळमळ असते.

चूक झाली की ती फार लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यविधीत सुपौल जिल्ह्यात पोलिसांच्या २२ रायफलींपैकी एकही उडाली नाही. त्यावर देशभर हसू झाले. मला त्या बावीस शिपायांचे वाईट वाटले. हजारो लोकांपुढे चाप ओढायचा आणि हातात नुसती शांतता यायची, हे ज्याच्यावर ओढवले त्यालाच कळेल. काडतुसे कधीची, ती कोठारात कशी ठेवली होती, याचा जाब त्यांच्याकडे मागून काय उपयोग?

फैरी झाल्यावर त्या रानात आणखी एक दृश्य पाहिले. गर्दी पांगू लागली आणि जवान खाली वाकून गवतात, उसाच्या बुडख्यांत काहीतरी शोधू लागले. रिकाम्या पुंगळ्या. दिलेल्या प्रत्येक काडतुसाची पुंगळी मोजून परत जमा करावी लागते. दहा जण, तीन फैरी, म्हणजे तीस पुंगळ्या. एकोणतीस सापडल्या.

“तीन म्हणजे जल, थल आणि वायुसेना”

हे स्पष्टीकरण मी शाळेतल्या कार्यक्रमात ऐकले आहे. ते कानाला बरे वाटते, पण तीन फैरींची प्रथा विमानाच्या कितीतरी आधीची आहे. ती युरोपातल्या सतराव्या शतकाच्या आसपासच्या लढायांपर्यंत मागे जाते. तिची सर्वमान्य कथा अशी : दोन्ही बाजू लढाई थांबवून आपापले मृत उचलत. ते काम आटोपले, मृतांची नीट व्यवस्था लागली, आता आम्ही पुन्हा उभे आहोत, हे कळवायला तीन बार काढत. ख्रिस्ती त्रैक्याशीही हा आकडा जोडतात. आपल्याकडे ही प्रथा इंग्रजी पलटणींबरोबर आली आणि आपल्या अंत्यविधीत इतकी मुरली की मंत्राग्नी आणि बिगुल शेजारी उभे राहिले तरी कोणाला वावगे वाटत नाही.

तीन बारांमागची ती कथा समजली की अमेरिकन यादवी युद्धातला एक प्रसंग नीट उलगडतो. १८६२ मध्ये व्हर्जिनियात कॅप्टन जॉन टिडबॉल यांच्या तोफखान्यातला एक सैनिक गेला. शत्रू अगदी जवळ होता. तीन फैरी झाडल्या तर हल्ला झाला असे समजून समोरून गोळीबार सुरू होईल, ही धास्ती होती. टिडबॉल यांनी फैरी रद्द केल्या आणि त्याऐवजी रात्री दिवे मालवण्याच्या वेळी वाजायची बिगुलाची नवी धून वाजवायला सांगितली. जनरल डॅनियल बटरफील्ड यांनी ती त्याच उन्हाळ्यात बसवून घेतली होती. हीच धून आज ‘टॅप्स’ म्हणून अमेरिकेतल्या प्रत्येक सैनिकी अंत्यविधीत वाजते. एका कॅप्टनला रणांगणात शत्रुपक्षाकडून लढलेल्या स्वतःच्याच मुलाचे प्रेत सापडते आणि त्याच्या खिशातल्या कागदावर ही धून असते, अशी कथा फिरते. डोळ्यांत पाणी आणणारी ती कथा पूर्ण रचलेली आहे. खरा प्रसंग मला जास्त भिडतो. आपल्या माणसाला निरोप देताना आणखी कोणी मरू नये, एवढ्यासाठी फैरी रद्द झाल्या.

भारतात वाजते ती ‘लास्ट पोस्ट’. छावणीतल्या रात्रीच्या पहाऱ्याची शेवटची चौकी तपासून झाली, एवढेच सांगणारा तो इशारा. ड्युटी संपली. त्या वेळी रायफल उलटी धरलेली असते. नळीचे टोक बुटावर टेकलेले, हात दस्त्यावर एकावर एक, मान खाली. हुकूम असतो ‘शोक शस्त्र’. मग सकाळी उठवायचा बिगुल वाजतो आणि माना वर होतात. रात्र आणि सकाळ यांच्यामध्ये जेमतेम काही श्वासांचे अंतर ठेवले आहे. ज्याने कोणी हा क्रम प्रथम लावला, त्याला दुःखाची जाण होती.

“तिरंगा देहाबरोबर जातो” आणि “इतमाम हा ठरलेला हक्क असतो”

दोन्ही चूक. २००२ च्या ध्वजसंहितेनुसार तिरंग्याचा केशरी पट्टा मृताच्या डोक्याच्या बाजूला असतो आणि चिता पेटण्यापूर्वी किंवा शवपेटी खाली सोडण्यापूर्वी तो काढून घ्यावाच लागतो. तो जाळायचा नाही, पुरायचाही नाही. घडी घालून कुटुंबाच्या हाती देतात. शिवाय तिरंगा पांघरण्याचा मान शासकीय अंत्यविधीला आणि सैन्य व निमलष्करी दलांच्या अंत्यविधीलाच आहे. इतर कोणाच्या अंत्ययात्रेत हौसेने तो पांघरणे १९७१ च्या राष्ट्रसन्मान कायद्याविरुद्ध आहे.

शासकीय इतमामाचा निर्णय राज्यांत राज्य सरकार घेते. पंडित भीमसेन जोशी, लता मंगेशकर, रतन टाटा यांना तो मिळाला आणि महाराष्ट्राला ते योग्यच वाटले. अशा वेळी मानवंदना पोलीस देतात. सैनिकाच्या गावात अनेकदा लष्कराची तुकडीही असते आणि पोलिसांचीही. दोन्हींच्या फैरी झाल्या की मोजणारा गोंधळतो आणि पेपरात पुन्हा ‘एकवीस’ उमटतात.

“भारतात देहदंड म्हणजे फाशीच”

आतापर्यंतच्या फैरी कोऱ्या होत्या. आता काडतुसात शिसे आहे.

नागरी कायद्यात देहदंड फाशीचाच, आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीना खटल्यात ती पद्धत घटनाबाह्य नसल्याचा निकाल दिला. पण सैन्याचा आणि हवाई दलाचा १९५० चा कायदा आणि नौदलाचा १९५७ चा कायदा यांत लष्करी न्यायालयाला दोन मार्ग दिले आहेत : फाशी किंवा गोळी घालून मृत्यू. नागरी कायद्याविषयीच्या वादात हा भेद वारंवार पुढे येतो. सैनिकाला जो पर्याय आहे तो इतरांना का नाही, असा तो प्रश्न.

हा प्रश्न एका मराठी तरुणाने आणि त्याच्या दोन सोबत्यांनी स्वतःच्या मरणाबद्दल विचारला होता. खेडचे शिवराम हरी राजगुरू, भगतसिंग आणि सुखदेव यांनी २० मार्च १९३१ रोजी पंजाबच्या गव्हर्नरला पत्र पाठवले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. तुमचेच न्यायालय म्हणते की आम्ही राजाविरुद्ध युद्ध पुकारले, तर आम्ही युद्धकैदी ठरतो, मग लष्कराची तुकडी पाठवा आणि आम्हाला गोळ्या घाला. दयेच्या याचनेचा त्यात लवलेश नव्हता. तीन दिवसांनी त्यांना लाहोरला फाशी दिले गेले. पंधरा वर्षांनी न्यूरेंबर्ग येथे जर्मन सेनानी कायटेल आणि योडल यांनीही दोराऐवजी गोळी मागितली होती. त्यांची मागणीही नाकारली गेली. या दोन मागण्यांत नैतिक साम्य काहीच नाही. गोळीचे मरण सैनिकाचे आणि दोराचे मरण गुन्हेगाराचे, ही समजूत मात्र दोन्हीकडे होती आणि मारणाऱ्यांनाही ती मान्य होती. म्हणून तर त्यांनी नकार दिला.

पण गोळीने मरणे नेहमी मानाचेच होते, हे खरे नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने पळून जाणे, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी स्वतःच्याच ३०६ माणसांना पहाटे खांबाला बांधून मारले. त्यांतल्या अनेकांची नावे गावच्या स्मारकांवर आली नाहीत. घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो विषय काढला नाही. २००६ मध्ये ब्रिटनने कायदा करून त्यांना माफी दिली. त्यांतला हर्बर्ट बर्डन अवघा सतरा वर्षांचा होता.

“एका रायफलीत कोरे काडतूस असते, त्यामुळे कोणी मारले ते कोणालाच कळत नाही”

या विषयातला हा सर्वांत लाडका समज. चित्रपटांनी तो पसरवला आणि तो ऐकून सगळ्यांनाच हायसे वाटते. मलाही वाटायचे.

अशी प्रथा काही ठिकाणी होती, काही ठिकाणी नव्हती आणि आजही तसेच आहे. अमेरिकेच्या युटा राज्यात २०१० मध्ये रॉनी ली गार्डनरला पाच जणांनी गोळ्या घातल्या. त्यांतल्या एका रायफलीत प्राणघातक गोळी नव्हती. मार्च २०२५ मध्ये दक्षिण कॅरोलिनात ब्रॅड सिगमनला तिघांनी पंधरा फुटांवरून मारले. त्या तिघांच्याही रायफलीत खऱ्या गोळ्या होत्या आणि ते त्यांना ठाऊक होते. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश तुकड्यांबद्दल दोन्ही प्रकारच्या हकिगती आहेत.

जिथे कोरे काडतूस होते, तिथे त्याने कोणाला फसवता येत होते का? ज्याने वर्षभर रायफल चालवली आहे, त्याच्या खांद्याला फरक कळतो. गोळी नळीतून सुटते तेव्हा दस्ता खांद्यात धक्का मारतो. कोऱ्या काडतुसाला तो धक्का जवळजवळ नसतो. गार्डनरच्या वेळी निर्धोक काडतुसात मेणाची गोळी घातल्याचे सांगतात, ती बहुधा या धक्क्यासाठीच. म्हणजे ज्या क्षणी बार झाला त्या क्षणी सैनिकाला आपले काडतूस कसले होते ते कळलेले असते.

सुभेदारांपुढे मी हे काढले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी असले काम कधी पाहिलेले नाही. मग म्हणाले, “खांदा खोटं बोलत नाही, सर. पण माणूस पुढं तीस-चाळीस वर्षं जगतो ना. तेवढ्यात तो स्वतःला पटवून देतो.” मला वाटते, त्या कोऱ्या काडतुसाचे खरे काम हेच असावे. त्या सकाळी ते उपयोगी नव्हते. ते पुढच्या रात्रींसाठी होते.

डोळ्यांवरच्या पट्टीचेही असेच. ती कैद्यावरच्या दयेपोटी बांधतात, असे आपण धरून चालतो. छातीवर हृदयाच्या जागी पांढऱ्या चिंधीचा तुकडा लावतात तो नेमासाठी, हे उघड आहे. पण डोळ्यांत डोळे घालून बघणाऱ्या माणसावर नेम धरणे किती अवघड, हे पट्टी बांधणाऱ्यांना ठाऊक असते.

“एवढ्या रायफली, म्हणजे क्षणात खेळ संपतो”

१८७९ मध्ये युटात वॉलेस विल्करसनला मारणाऱ्यांचा नेम हृदयावर बसला नाही. तो सत्तावीस मिनिटांनी मेला. १९३८ मध्ये जॉन डीअरिंगच्या छातीला हृदयाचे ठोके नोंदवणारे यंत्र लावून गोळ्या घातल्या. त्याचे हृदय पंधरा सेकंदांहून थोडे अधिक काळ चालू होते. म्हणजे नेम अचूक बसला तरी मृत्यू आकडे मोजता येतील इतका वेळ घेतो.

एडी स्लोविकची हकिगत या सगळ्यांत मला सर्वांत जड वाटते. ३१ जानेवारी १९४५, फ्रान्समधले सेंत-मारी-ओ-मीन हे बर्फात बुडालेले गाव. वय २४. यादवी युद्धानंतर पळून जाण्याच्या गुन्ह्यासाठी मारलेला हा एकमेव अमेरिकन सैनिक. बारा जणांची तुकडी होती, अकरा रायफलींत गोळ्या आणि एक कोरी. अकराही गोळ्या त्याच्या देहात शिरल्या, पण हृदयात एकही नाही. हे निवडक नेमबाज होते आणि अंतर चालत वीसेक पावलांचे. डॉक्टर नाडी बघत असताना तुकडी पुन्हा काडतुसे भरू लागली होती. त्याआधीच तो गेला.

एवढ्या जवळून अकरा जणांचा नेम सरकतो, तेव्हा ते नेमबाजीतले अपयश नसते, असे माझे मत आहे. हातच तयार नसतात. ब्रिटिश तुकड्यांतही मुद्दाम बाजूला झाडणारे होते. त्यांच्या त्या दयेचा परिणाम मात्र क्रूर होई. जखमी माणूस तडफडत राही आणि मग तुकडीच्या अधिकाऱ्याला रिव्हॉल्व्हर काढून पुढे जावे लागे. ते काम एकट्याचेच असे. तिथे रांग नव्हती आणि कोरे काडतूसही नव्हते.

“मारणारे नेहमी परके असतात”

इंग्रजांनी आपल्या माणसांना मारले हे आपण शाळेत शिकतो, आणि ते खरे आहे. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मुंबईच्या मैदानावर, आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि शिपाई मंगल गडिया यांना तोफेच्या तोंडी दिले गेले. ही शिक्षा इंग्रजांनी शोधलेली नव्हती. ती मोगली अमलातही होती आणि आपल्या भाषेत ‘तोफेच्या तोंडी देणे’ हा वाक्प्रचार म्हणून अजून राहिला आहे. आपण तो कार्यालयातल्या बैठकीबद्दल सहज वापरतो. मी अलीकडे वापरत नाही. त्या मैदानात त्या दिवशी देशी पलटणी मुद्दाम रांगेत उभ्या केल्या होत्या. साथीदारांनी बघावे, हाच त्या शिक्षेचा हेतू होता.

बघायला लावणे ही एक पायरी. स्वतःच्याच माणसाला मारायला लावणे ही पुढची. फिलिपीन्सचे होसे रिझाल यांना ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात गोळ्या घातल्या. चाप ओढणारे सैनिक फिलिपिनोच होते. त्यांच्या मागे स्पॅनिश सैनिकांची दुसरी रांग उभी होती, पुढच्यांनी हुकूम मोडला तर त्यांच्यावर झाडायला. रिझाल यांना तोंड समोर करू दिले नाही. गोळ्या लागता लागता ते वळले. पहिल्या महायुद्धातही तुकडी बहुधा कैद्याच्याच पलटणीतून घेत. काल ज्याच्याबरोबर खंदकात चहा घेतला, त्याच्यावर आज नेम.

सिंगापूरला उलटे झाले. फेब्रुवारी १९१५ मध्ये तिथल्या पाचव्या लाइट इन्फन्ट्रीच्या भारतीय शिपायांनी बंड केले. त्यानंतर सत्तेचाळीस जणांना देहदंड दिला. मार्चमध्ये औट्रम तुरुंगाच्या भिंतीबाहेर, हजारोंच्या गर्दीपुढे, एकाच दिवशी वीसहून अधिक जणांना ओळीत उभे करून मारले. रायफली धरणारे शंभरावर लोक स्वयंसेवक दलाचे होते. एरवी ते कचेऱ्यांत, पेढ्यांत काम करणारे. त्या संध्याकाळी ते घरी गेले, जेवले असतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. भिंतीपाशी पडलेल्यांची घरे हरियाणाच्या आसपासच्या खेड्यांत होती. त्यांच्यासाठी कोणी तीन फैरी झाडल्या नाहीत.

इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरला त्या ३०६ जणांचे स्मारक आहे. २००१ मध्ये उभारलेले. डोळ्यांवर पट्टी, हात मागे बांधलेला एक पोरगा, तो बर्डनच्या नावाने घडवलेला आहे. त्याच्यामागे अर्धगोलात लाकडी खांब, प्रत्येकावर एक नाव. आणि त्या पुतळ्यासमोर सहा झाडे लावली आहेत. ती मारणाऱ्या तुकडीची. खांबांवर नावे आहेत, झाडांवर नाहीत.

त्या दिवशी आमच्या रानात तिसावी पुंगळी बराच वेळ सापडली नाही. सूर्य कलला होता, चिता धगधगत होती आणि हवालदार तिसऱ्यांदा मोजत होता. सुभेदार बांधापाशी उभ्या असलेल्या एका पोराकडे गेले. तो गेलेल्या जवानाचा पुतण्या होता, आठ-नऊ वर्षांचा. सुभेदार त्याच्यासमोर उकिडवे बसले. “बाळा, ती मला दे. त्या मामांना हिशेब द्यायचा असतो.” पोराने मूठ उघडली नाही. मग हवालदार स्वतः आला. त्याने टोपी काढून काखेत धरली आणि पोराच्या शेजारी गवतात बसला. कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने पोराने मूठ उघडली. पुंगळी घट्ट धरल्यामुळे तळहातावर तिचा गोल वळ उठला होता. हवालदाराने ती घेतली, त्या वळावरून एकदा अंगठा फिरवला आणि उठून तुकडीला सांगितले, “तीस.”